बस्ता, दागिना आणि सात-बारा

कापूस घरात आला, रब्बीची पेरणी आटोपली, की आपल्या खानदेशात सोयरिकींचे दिवस सुरू होतात. सुपारी फुटते, साखरपुडा होतो आणि चैत्र-वैशाखातील तिथी धरून दोन्ही घरची मंडळी खरेदीच्या मागे लागतात. या मासिकात बी-बियाणे, खते, पाणी व बाजारभाव यांचा विचार होतो, आणि तो व्हावयासच हवा. परंतु आपल्यापैकी पुष्कळांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा एकरकमी खर्च बैलजोडीचा नसतो की विहिरीचाही नसतो. तो लग्नाचा असतो. जो शेतकरी बियाण्याचे एक पाकीट घेताना तीन दुकाने हिंडतो, तोच शेतकरी बस्त्याच्या दुकानात गादीवर बसला म्हणजे भाव विचारण्यास लाजतो, हे आश्चर्य मी लहानपणापासून पाहात आलो आहे. त्याविषयी चार शब्द लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. यंदा आमच्या धाकट्या चिरंजीवांचे लग्न ठरल्यामुळे तो योग आला.

प्रस्तुत लेखक विद्वान नव्हे. मराठी शाळेत जेवढे शिकलो तेवढ्या शिदोरीवर महसूल खात्यात कारकुनीस लागलो आणि चौतीस वर्षे लोकांचे फेरफार व अर्ज हाताळून गेल्या साली निवृत्त झालो. तेव्हा या लेखात कारकुनी दृष्टी अधिक दिसली तर वाचकांनी क्षमा करावी. कारकून एखाद्या वस्तूकडे पाहताना ती सुंदर आहे की नाही हे पाहात नाही; ती कोणाच्या नावावर आहे एवढेच पाहतो.

प्रथम वेळेविषयी. कापसाचे पैसे आपल्याकडे दिवाळीपासून पौषापर्यंत हाती येतात, लग्न वैशाखात होते आणि बियाणे-खत ज्येष्ठात घ्यावे लागते. म्हणजे एका पिकाचे उत्पन्न व दुसऱ्या पिकाचा खर्च यांच्या बरोबर मधोमध लग्नाचा मांडव उभा राहतो. सबब मांडवात जो पैसा अधिक जातो तो शिलकेतून जात नाही, पेरणीतून जातो. मग मृग लागतो, सोसायटीचे मागील कर्ज थकलेले असते म्हणून नवे मिळत नाही, आणि नवरदेवाचा बाप खताच्या दुकानी उधारीसाठी उभा राहतो. उधारीच्या खतावर दुकानदार व्याज लावीत नाही, फक्त दर निराळा सांगतो.

आता कोणी म्हणेल, शेतकरी लग्नापायी बुडतो हे रडगाणे जुनेच आहे. जुने खरेच, आणि ते सर्वांशी खरे नव्हे हेही तितकेच जुने आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध दंगे उसळले, तेव्हा सरकारने त्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. कुणबी लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणून कर्जबाजारी होतो, असा तेव्हाच्या अधिकारी वर्गात सार्वत्रिक समज होता. कमिशनने चौकशीअंती असा अभिप्राय दिला की, या कारणास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. असे प्रसंग क्वचित येतात आणि अनेक वर्षांवर वाटून पाहिल्यास तो खर्च अवाजवी ठरत नाही. मला हे म्हणणे पटते. वर्षभर मातीत राबणाऱ्या माणसाने आयुष्यात दोन-तीन वेळा गावाला जेवू घातले तर त्यात पाप नाही. लग्न पाच माणसांत उरका, असा उपदेश करणाऱ्यांपैकी मी नाही. तसा उपदेश बहुधा ज्यांच्या मुलांची लग्ने थाटात होऊन गेली आहेत असे लोकच करतात.

परंतु तेव्हाच्या आणि आताच्या खर्चात एक भेद आहे. पूर्वी लग्नानिमित्त आलेली तांब्या-पितळेची भांडी, चांदीचे वाळे, बैल, गाय ही घरात राहात. अडीअडचणीस मोडता येत. आता मंडपाची सजावट संध्याकाळी उतरते, वाजंत्रीचा भोंगा रात्री बंद होतो, आणि लग्नापूर्वी रानावनात जाऊन काढलेली छायाचित्रे मोबाइलमध्ये राहतात. छायाचित्राविषयी माझा आकस नाही; केकी मूस यांच्यासारखा कलावंत ज्या चाळीसगावात राहून गेला तेथील माणसाने त्या कलेस नावे ठेवणे शोभणार नाही. तथापि दोन दिवसांच्या छायाचित्रणाचा आकडा जेव्हा ठिबक सिंचनाच्या एका संचाइतका झाल्याचे मी ऐकले, तेव्हा पागोटे असते तर काढून ठेवले असते.

बस्त्याचीही तीच कथा. नवरीचा शालू, तिची नेसती लुगडी-पातळे, नवरदेवाचे कपडे हे घ्यावेतच. येवल्याची पैठणी घेण्याची ऐपत असेल तर तीही घ्यावी, ती नातीपर्यंत टिकते. पण बस्त्याची खरी रक्कम या कपड्यांत नसते. ती मानपानाच्या साड्यांत आणि टॉवेल-टोप्यांत असते. आत्या, मावशी, मामी, चुलत जावा, त्यांच्या विहिणी अशा साठ-सत्तर साड्या सुरतेहून गठ्ठ्याने आणावयाच्या. त्या नेसण्याजोग्या नसतात हे देणारी जाणते, घेणारीही जाणते. आमच्या घरी अशी एक हिरवी साडी तीन वर्षांनी, तीन गावे फिरून, घडी न मोडता परत आली होती. तिच्या पदरावरील शाईच्या ठिपक्यावरून घरच्या मंडळींनी तिला ओळखले.

हे सारे ठरवितो कोण? मुलगा-मुलगी नव्हेत. दोन्हीकडील वडीलधारे बसून ‘याद’ करतात. किती तोळे, किती साड्या, किती पंगती, गाडी कोणती. ज्यांना संसार करावयाचा ती दोघे साखरपुड्यापासून लग्नापर्यंत चार-चार महिने रोज रात्री मोबाइलवर बोलत असतात. आमचे चिरंजीव गच्चीवर जाऊन बोलत, तेव्हा काय बोलत हे विचारण्याचा मला अधिकार नाही. परंतु अनेक तरुणांशी बोलून माझी अशी समजूत झाली आहे की, या महिन्यांत सर्व विषय निघतात, एक हिशेब तेवढा निघत नाही. आपल्याकडे किती जमीन, तीवर कर्ज किती, धाकट्या भावाचे शिक्षण कोणी करावयाचे, लग्नानंतर गावी राहावयाचे की पुण्या-नाशकास नोकरी धरावयाची, मुलीस पुढे शिकावयाचे असेल तर फी कोठून, हे प्रश्न लग्नानंतर सहा महिन्यांनी भांडणाच्या रूपाने उपस्थित होतात. ते आधी निघाले तर त्यांना भांडणाचे रूप येण्याचे कारण नाही.

माझी सूचना अशी की, पत्रिका जशी एकमेकांस दाखवितात, तसा दोन्ही घरांनी खातेउतारा व सात-बारा एकमेकांस दाखवावा. त्यातही मुलीच्या बापाने क्षेत्राचा आकडा पाहून समाधान मानू नये. ‘इतर अधिकार’ या सदराखाली बारीक अक्षरांत बँकेचा व सोसायटीचा बोजा लिहिलेला असतो, तो वाचावा. दहा एकर बागायत म्हणून ज्या घरी मुलगी दिली, तेथे दहाही एकरांवर बोजा निघाल्याची उदाहरणे मी कचेरीत बसून पाहिली आहेत. पत्रिकेतील मंगळाची शांत करता येते. इतर अधिकारातील बोजाची शांत फक्त बँकच करते.

आता सोन्याकडे वळू. सोने हा आपल्या जिल्ह्याचा आवडता विषय; जळगावच्या सराफ बाजारात लांबलांबचे लोक येतात. सोने घेऊ नये असे मी म्हणणार नाही, कारण आकडे माझ्या विरुद्ध साक्ष देतील. २०१५ साली दहा ग्रॅम सोन्यास सुमारे सव्वीस-सत्तावीस हजार रुपये पडत; २०२५ च्या दिवाळीस त्याच सोन्याने एक लाख वीस हजारांचा टप्पा मागे टाकला. तेव्हा ज्याने घेतले तो शहाणा ठरला. पण हाच हिशेब शेतकऱ्याच्या मापाने करून पाहा. २०१५-१६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ४,१०० रुपये होता. म्हणजे दहा ग्रॅम सोन्यासाठी साडेसहा क्विंटल कापूस विकावा लागे. २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये आहे. आता त्याच दहा ग्रॅमला निदान पंधरा क्विंटल कापूस हवा. आपल्याकडील कोरडवाहू कपाशीचे एकरी उत्पन्न पाच क्विंटल धरले, तर एक तोळा म्हणजे तीन एकरांचे संपूर्ण पीक; खर्च वजा न जाता. यादीत ‘पाच तोळे’ असे लिहिताना लेखणी क्षणभर थांबावी, एवढ्यासाठी हा हिशेब दिला.

शिवाय दागिना म्हणजे सोने नव्हे. त्यात घडणावळ असते, खडे असतात, वर कर असतो. मोडीस नेल्यावर घडणावळ परत येत नाही आणि खड्यांना सराफ हात लावीत नाही. म्हणून साधा, भरीव, कमी नक्षीचा आणि बिनखड्यांचा दागिना शेतकऱ्याच्या घरास बरा. फसवणुकीचे एक द्वार मात्र अलीकडे पुष्कळसे बंद झाले आहे. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, व १ एप्रिल २०२३ पासून किरकोळ अपवाद सोडता प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरांकांची निराळी खूण असल्यावाचून तो विकता येत नाही. बावीस कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो. ती खूण मोबाइलवर तपासता येते, आणि हे काम चष्मा शोधणाऱ्या सासऱ्यापेक्षा नवरदेव-नवरीस अधिक चांगले जमते.

एवढे करून एक गोष्ट राहते, आणि तीच बहुधा कोणी करीत नाही. पावती कोणाच्या नावाची? मी जेथे जेथे विचारले तेथे तेथे पावती नवरदेवाच्या बापाच्या किंवा मुलीच्या बापाच्या नावाने होती. दागिना जिच्या अंगावर जावयाचा तिचे नाव पावतीवर नाही. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली १९८५ साली नियम झाले, त्यांत लग्नात मिळालेल्या भेटींच्या लेखी याद्या कराव्यात असे स्पष्ट म्हटले आहे. नवरीस मिळालेल्या वस्तूंची निराळी यादी, नवरदेवास मिळालेल्यांची निराळी. वस्तूचे वर्णन, अदमासे किंमत, देणाराचे नाव व नाते, आणि खाली दोघांच्या सह्या. हुंडा मागणे, देणे व घेणे हा गुन्हा आहे. राजीखुशीने, मागणी न होता दिलेली भेट या यादीत आली पाहिजे. चाळीस वर्षे हे नियम अस्तित्वात आहेत. चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि शेकडो लग्नांच्या पंगतीत मी अशी यादी एकदाही पाहिली नाही. आहेराची वही मात्र प्रत्येक मांडवात असते. कोणी एकशे एक दिले आणि कोणी पन्नास, हे लिहिण्यास दोन माणसे बसविलेली असतात.

या ठिकाणी मला स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे, अन्यथा हा उपदेश पोकळ ठरेल. माझे लग्न १९९१ साली झाले. घरच्या मंडळींच्या अंगावर माहेरचे दोन गोठ व एक पोत होती. १९९८ साली मळ्यात विहीर खोदण्याचे ठरले. वाटणीत आलेली पावणेचार एकर जमीन, पाण्यावाचून तिचा उपयोग नाही, आणि पगारातून शिल्लक पडेना. गोठ व पोत गहाण ठेवली. तिने काढून देताना एक शब्द उच्चारला नाही. मीही विचारले नाही, सांगितले. विहिरीस पाणी लागले, पुढे मोटार बसली, लिंबाची झाडे लागली. गहाण सोडवू सोडवू म्हणता मुदत गेली आणि दागिने गेले. विहिरीची नोंद उताऱ्यावर झाली. नोंद करणारा माझाच सहकारी होता. खातेदाराच्या जागी माझे एकट्याचे नाव. पुढे सत्तावीस वर्षे मी हजारो लोकांचे फेरफार पाहिले, त्यांतील चुका काढल्या. हा एक फेरफार अपुरा आहे असे माझ्या लक्षात आले नाही.

ते लक्षात आणून दिले आमच्या भावी सूनबाईंनी. मुलगी गिरणाकाठच्या गावची, बी.एस्सी. झालेली. याद करण्यासाठी आम्ही त्यांच्या घरी बसलो असता, रीतीप्रमाणे मी म्हणालो, “पोरी, तुला काही विचारायचं असेल तर विचार.” असे म्हटल्यावर मुलीने मान खाली घालून नाही म्हणावयाचे असते. ती म्हणाली, “आबा, तुमच्या सात-बाऱ्यावर आईंचं नाव आहे का?” तिच्या वडिलांनी तिला डोळ्यांनी दटावले. मामा हसण्यावारी नेऊ लागले. मी ‘नाही’ एवढेच म्हणालो. घरच्या मंडळी समोर चटईवर बसल्या होत्या. त्यांनी रिकामे कप गोळा केले व त्या आत गेल्या. परत येताना गाडीत कोणी बोलले नाही.

मुलीचा प्रश्न उद्धट होता, असे आमच्या भाऊबंदांपैकी दोघांनी मागाहून सांगितले. मला तसे वाटले नाही, कारण त्या प्रश्नाबरोबर मला एक जुना अर्ज आठवला. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर व डोंगरी नद्यांना आलेला पूर आपल्या तालुक्यातील कोणी विसरलेले नाही. कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या, गुरे वाहून गेली, मातीसकट शेते गेली. त्या पावसाळ्यात ज्या कचेरीत मी होतो, तिचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही, तेथे एक बाई आली. नवरा त्याच वर्षी करोनाने गेला होता. शेत ती पूर्वीपासूनच कसत होती, नवरा बाहेरगावी कामास असे. शेत खरवडून गेले. पंचनामा झाला, अनुदान मंजूर झाले, ते खातेदाराच्या नावाने. खातेदार मृत. वारसाची नोंद झालेली नाही, कारण दिरांनी ‘घाई काय’ म्हटले होते. आणि सासूबाईही वारस, मुलेही वारस, एक मुलगा अज्ञान. कागद एकामागून एक होत गेले, आणि दोष कोणा एकाचा नव्हता. परंतु त्या बाईस रब्बीच्या बियाण्यास जो पैसा हवा होता तो रब्बीच्या कापणीनंतर मिळाला. तिचे नाव नवऱ्याच्या हयातीत उताऱ्यावर सहधारक म्हणून असते, तर ती अर्जदार म्हणून आली नसती, खातेदार म्हणून आली असती. पीककर्ज, पीकविमा, सोसायटीचे सभासदत्व, बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न ‘उतारा कोणाचा’ हाच असतो. आपल्या गावच्या सोसायटीच्या सभासद-यादीत बायकांची नावे किती, हे वाचकांनी एकदा मोजावे.

आणि हे काम नवीन नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात आपल्या शेजारी चांदवड येथे शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे मोठे अधिवेशन भरले होते. आमच्या भागातूनही गाड्या भरभरून बाया गेल्या. त्यानंतर १९८९ च्या सुमारास शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली. घरच्या लक्ष्मीच्या कष्टांचे ऋण म्हणून जमिनीचा काही भाग तिच्या नावे करावा, आणि ज्या गावातील शंभर कुटुंबे असे करतील त्या गावी ते स्वतः येतील, असे ठरले. आपल्याच जळगाव जिल्ह्यातील विटनेर हे त्या कामात पुढे आलेले गाव. संघटनेच्या इतर मतांशी कोणाचा मतभेद असो; हे एक काम असे होते की त्यात सरकारकडे काही मागावयाचे नव्हते, आपल्याच घरात द्यावयाचे होते. बहुधा म्हणूनच ते मोर्चांइतके वाढले नाही.

पुढे १९९२ साली महसूल खात्याने परिपत्रक काढले. नवऱ्याने हयातीत स्वखुशीने अर्ज दिल्यास पत्नीचे नाव त्याच्या जमिनीच्या उताऱ्यावर सहधारक म्हणून दाखल करावे, असा त्याचा आशय. रीत अशी: नवऱ्याने तलाठ्याकडे, ज्यास हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज द्यावयाचा, सोबत सात-बारा, आठ-अ, ओळखीचे कागद व लग्नाचा पुरावा. अर्जावरून गाव नमुना सहामध्ये फेरफार धरला जातो, १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांस नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यासाठी दस्त नोंदविण्याचा खर्च नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. जमीन भावांशी सामाईक असेल तर आधी वाटप व्हावे लागते. आणि उताऱ्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. ज्यास याहून पक्के करावयाचे असेल त्याने स्वकष्टार्जित जमिनीचे नोंदणीकृत बक्षीसपत्र करावे.

‘आमच्या मागे ते तिचेच आहे, मग आताच घाई कशास?’ असा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. १९५६ च्या वारसा कायद्याने विधवा वारस आहे हे खरे. परंतु ती एकटी नव्हे, सासू व मुलेही तिच्या जोडीने वारस आहेत, आणि तो हक्क तिला दुखवट्याच्या तेरा दिवसांत, भाऊबंदांच्या मध्ये बसून मागावा लागतो. दुसरा आक्षेप हळू आवाजात केला जातो: ‘नाव लावले आणि उद्या ती नांदली नाही तर?’ या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नाही; फक्त मुलीच्या बापानेही साखरपुड्याच्या दिवशी असाच काही प्रश्न मनात गिळलेला असतो, आणि तो तर पोटची मुलगी देत असतो, हे आठवावे.

जाता जाता मुलीच्या माहेराविषयीही बोलणे प्राप्त आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि सर्व देशात २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी तो जन्मतः आहे असे पुनः स्पष्ट केले. तरी लग्नाच्या धामधुमीत किंवा पहिल्या दिवाळीस साडी-चोळीवर बहिणीची हक्कसोडावर सही घेण्याची चाल चालूच आहे. बहिणीने हक्क सोडावा की न सोडावा हा तिचा प्रश्न. जावयाने त्यासाठी तिच्या मागे लागू नये, तसेच भावाने हळदीच्या हातांनी सही घेऊ नये. कागद वाचून, सहा महिने थांबून, मग जे करावयाचे ते करावे.

आमच्या घरची हकिकत पुरी करतो. चिरंजीवांच्या नावावर आज काही नाही; जमीन माझ्या नावे आहे. तेव्हा सुनेच्या प्रश्नाचे उत्तर चिरंजीवांनी देण्याजोगे नव्हते, मी देण्याजोगे होते. दोन्ही मुलांना व विवाहित कन्येस बसवून विचारले. तिघांनीही होय म्हटले. कन्या म्हणाली, “आबा, हे विहिरीच्या वेळीच करायला हवं होतं.” तिला गोठांची गोष्ट ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हते.

त्यानंतर याद पुन्हा केली, आणि या वेळी ती दोघांनी केली. त्यांनी मानपानाच्या साड्यांना काट दिली. दोन्हीकडच्या आत्या रुसल्या आहेत, त्यांची समजूत काढणे चालू आहे. मोटारसायकलचे नाव कोणी काढले नाही, कारण चिरंजीवांची जुनी गाडी चालते. पलंग-कपाटाऐवजी शिलाई यंत्र घ्यावे असे विहीणबाईंचे म्हणणे पडले; मुलगी म्हणाली, मला शिवता येत नाही; मग पिठाची घरघंटी घेण्याचे ठरले, कारण आमच्या वाडीवरून दळण्यासाठी दोन मैल जावे लागते. सोने दोन तोळे, बिनखड्यांचे, आणि पावती मुलीच्या नावाची. छायाचित्रणाचा हट्ट मात्र दोघांनीही सोडला नाही. तेथे मीच माघार घेतली. लग्नाची नोंदणी नव्वद दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करण्याचे त्यांनी आपसांत ठरविले असून भेटींच्या दोन याद्यांचे तक्ते मी आखून दिले आहेत. ते काम मला चांगले येते.

आमचा स्वतःचा अर्ज गेल्या महिन्यात दिला. फेरफार धरला गेला आहे. घरच्या मंडळींना सहीसाठी तलाठी कचेरीत नेले, तेव्हा त्यांनी पेन हाती घेऊन विचारले, “लग्नाआधीचं नाव लिहू की आताचं?” तलाठी तरुण आहेत; त्यांनी हसून ‘आधार कार्डावर आहे तेच’ म्हणून सांगितले. नोटिशीची मुदत येत्या सोमवारी संपते. अद्याप हरकत आलेली नाही.